चित्राची पाठ

प्रिय बारक्या,

पन्नाशी ओलांडलीस तरी मला तू बारक्याच, तेव्हा नाक मुरडू नकोस. हे फोनवर बोलता येईना. घरी बाबा कान देऊन बसलेले असतात आणि ऑफिसात भिंतींनाही कान आहेत.

तू सगळ्यांना सांगत फिरतोस, ताई संग्रहालयात चित्रं पुसते. अरे, चित्र आमच्याकडे यायच्या आधी कोणाकोणाच्या घरात होतं, तिथून कसं निघालं, याचा मी माग काढते. त्यासाठी चित्राची पाठ बघावी लागते. चिठ्ठ्या, शिक्के, खिळ्यांची भोकं. तळघरातल्या माझ्या खोलीला खिडकी नाही, पण आजवर तिथं कधी जीव घुसमटला नव्हता.

महिन्यापूर्वी साठी उलटलेल्या एक बाई आल्या. पिवळ्या शालीतली मुलगी आठवते? बाबा बोट धरून दाखवायला न्यायचे ते चित्र. ते त्यांच्या आईच्या मालकीचं. दंगलीत नेसत्या कपड्यांनिशी घर सोडलं, तेव्हा भिंतीवरच राहिलं. पुढं मुलांनी भांडू नये म्हणून आईनं त्याआधीच मागच्या फळीवर निळ्या पेन्सिलीनं चौघांची नावं लिहिली होती. आमच्या दप्तरात मात्र एवढंच आहे: देणगी, दाता अज्ञात.

चित्र उतरवून पाहिलं, तर फळी बदललेली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, चारही खाचा अगदी सरळ उभ्या. आपल्या घरातलं कुठलंही कपाट उघडून बघ. संग्रहालयाचे सुतार म्हणून बाबांनी तीस वर्षं काढली, पण एक स्क्रू कधी तिरका ठेवला नाही.

मी त्यांना फक्त विचारलं, ही फळी तुम्ही बदललीत का? ते शांतपणे म्हणाले, "साहेबांनी सांगितलं, मी बदलली. नावं वाचायला मला कोणी सांगितलं नव्हतं."

नावांचं मी काहीच बोलले नव्हते.

मग त्यांनी चष्मा मागितला आणि पेपर वाचत बसले. बारक्या, मला त्यांचा राग येतो आणि त्यांचं पांघरूणही मीच सारखं करते. बाई दर सोमवारी येऊन समोर बसतात, काही मागत नाहीत, नुसत्या बघतात. शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे. स्क्रूच्या खाचेला कोणी पुरावा मानणार नाही. जुनी फळी नसेल, तर त्यांचा दावा कायमचा बंद.

बाबांनी लाकडाचा तुकडा कधी फेकलाय का? चित्र आमच्याकडे आलं त्याच वर्षी तुला वाढदिवसाला बाबांनी स्वतः केलेली लाकडी रंगपेटी मिळाली. मला नाही मिळाली म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. तिच्या झाकणाला आतून हिरवं कापड चिकटवलेलं आहे. ते काढ. पाणी लावू नकोस, बोथट सुरीनं कडेकडेनं सोडव. खाली निळं काही दिसलं, तर पेटी घेऊन लगेच निघून ये. गुरुवारी कदाचित मी बाबांच्या शेजारी बसून तुला फोन करीन आणि पेटी जाळून टाक म्हणेन. माझं ऐकू नकोस.

तुझीच,
ताई