पाया न पडणारा जावई

मंगळवार, १९ मे

आज तिघं पाया पडले. दिराचा शिवम सकाळी सकाळीच. म्हणजे स्कूटी हवी असणार. हवीच होती! मग एक जुना विद्यार्थी, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. तिसरी शेजारच्या केवळाबाईंची सून. ती नुसती गुडघ्यापर्यंत वाकली आणि हात स्वतःच्याच छातीला लावून मोकळी. शुगरमुळे माझ्या पायांना काही कळत नाही, म्हणून कुणाचा हात खरंच लागला ते डोळ्यांनी बघावं लागतं. शाळेत चौतीस वर्षं काढली आहेत मी. लबाडी मला लगेच दिसते.

गुरुवार, २१ मे

ऋतुजाचा लातूरहून फोन. "आई, धोंड्याच्या महिन्यात सगळ्यांचे जावई जेवायला जाऊन राहिले. तीन वर्षांत ह्यांना एकदाही बोलावलं नाहीस. ह्या वेळीही नाही बोलावलंस, तर मी पण यायची नाही आता."

धमकीच! शिकवली कुणी? त्यानेच, दुसरं कोण.

बोलावलं. एकुलती एक लेक — करते काय!

शुक्रवार, २२ मे

केवळाबाई कुंपणावरून — "बोलवा की. पण त्येंच्यात अधिक महिना मानत्यात व्हय? आन् जावई पाया तरी पडतंय का तुमच्या?"

"नाही," म्हटलं.

"मंग बगा." काय बघू, ते सांगितलं नाही बाईनं.

रविवार, २४ मे

आले दोघं. अश्वजित लातूरला दवाखान्यात ब्रदर आहे, लोकांच्या जखमा बांधतो. उंबऱ्यातच हात जोडले, "जय भीम, बाई." वाकला नाही. कमरेत काय पहार घातलीय? सासूला मामी म्हणावं. हा गावासारखं 'बाई' म्हणतो. शिवमने मात्र त्याच्यादेखत माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मुद्दाम. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

धोंडे केले होते, तूप सढळ. अश्वजित खाली मान घालून जेवला. पण नजर सारखी माझ्या पायांवर! पाया पडायचं नाही, तर पायांकडे बघायचं कशाला? मी पाय साडीत ओढून घेतले.

जेवण झाल्यावर ऋतुजाच्या कानात काहीतरी पुटपुटला. लगेच ती, "आई, ह्यांना तुझा पाय बघू दे."

"माझे पाय काय प्रदर्शनात मांडलेत?" म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काहीतरी शिजतंय.

सोमवार, २५ मे

सकाळी मी बैठकीत खुर्चीवर होते. अश्वजित सरळ समोर फरशीवर येऊन बसला. "बाई, तुमच्या डाव्या पायाचा डाग पडून राहिलाय फरशीवर. काल आल्यापासून बघतोय." माझ्या होकाराची वाट न बघता पाय उचलून मांडीवर घेतला.

टाचेत बाभळीचा काटा. आत मोडलेला, भोवती पू. मला पत्ताच नाही!

"आठ-दहा दिवसांचा हाय," म्हणाला. "अजून थांबला असता तर पाय कापायची पाळी होती. आज डॉक्टरांना दाखवायचंच."

ऋतुजा रडायला लागली. मी मनात आठवत होते, दहा दिवसांत या पायांवर किती जण वाकले. शिवमने तर डोकं टेकवलं!

त्यानं काटा काढला, पट्टी बांधली. मग उठून मोरीत गेला आणि साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत, खसाखसा. पाणी पडत राहिलं, मी ऐकत बसले. एवढी किळस आली माझी? जखमेला हात लावल्यावर धुवायचेच असतात, कळतं मला. तरी लागलं.

मंगळवार, २६ मे

काल डॉक्टरांना दाखवून आलो. आज त्यानंच पट्टी बदलली. पुन्हा हात धुतले. पुन्हा तोच आवाज.

एक गोष्ट या वहीत कधी लिहिली नाही. लग्न करून दोघं पहिल्यांदा घरी आले, तेव्हा अश्वजित वाकला होता. दोन्ही पावलांना नीट हात लावून. "येतो मामी आत," म्हणाला होता. मी "बसा" म्हटलं, मोरीत गेले आणि तांब्यावर तांब्या ओतून पाय धुतले.

मोरीतलं पाणी बैठकीत इतकं स्पष्ट ऐकू येतं. तेव्हा बैठकीत तो बसला होता.