फोटोखालचं नाव

३ जानेवारी

आशाची तसबीर आज भिंतीवर लागली. जगन फोटोवाला तांड्यावरून स्वतः घेऊन आला, मोटारसायकलवर, चादरीत गुंडाळून. खिळाही त्यानेच ठोकला. मी नुसता उभा.

फोटो बघून प्रतिक्षा आत निघून गेली. आईचा एकटीचा फोटो आहे हेच आम्हा बापलेकीला माहीत नव्हतं. पुतण्याच्या लग्नातला आहे. पंगती उठल्या तरी जगन उपाशीच काम करत होता, तेव्हा ही ताट वाढून त्याच्यापुढे उभी राहिली. "आधी जेव रे बाबा, नवरी कुठं पळून न्हाई चालली." त्याने तेवढ्यात काढला. ताट फोटोत आलं नाही. हसू आलं.

पैसे दिले, चहा दिला. धन्यवाद म्हणायचं राहून गेलं. तसं तिलाही कधी म्हटलं नव्हतं.

५ जानेवारी

ती असती तर त्याच्या घरी डबाभर खारोड्या पाठवून मोकळी झाली असती. मला काय सुचणार!

६ जानेवारी

परवा तेरवी. जगन चौकातल्या फ्लेक्ससाठी फोटो द्यायला आला. धीर करून विचारलं, तुला काय देऊ? घेईना. फार धरलं तेव्हा म्हणाला, "काका, फोटोच्या कोपऱ्यात माझं नाव असते. लोक तेवढंच कापून टाकतात. तुमी राहू द्या, म्हणजे झालं."

एवढंच!

८ जानेवारी

कोपऱ्यात नाही. फोटोच्या खाली, मधोमध, ठळक अक्षरांत — "छायाचित्र : जगन". फ्लेक्सवाल्याला मी तसं बजावून सांगितलं होतं. जगन चौकात बराच वेळ उभा होता म्हणे. जेवायला आला तेव्हा पाया पडला. आज तेरवीच्या दिवशी मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

४ फेब्रुवारी

फ्लेक्सवाल्याने आमचाच नमुना ठेवला आहे. घरात कुणी गेलं की लोक जगनकडे जातात. प्रत्येक लग्नात म्हाताऱ्या माणसांचे एकेकटे फोटो तो न सांगता काढून ठेवतो, त्यामुळे त्याच्याकडे फोटो हमखास सापडतो. मग फ्लेक्स, आणि खाली त्याचं नाव. "किसनरावांनी केलं तसं करा," असं माझं नाव घेऊन म्हणतात.

त्याचं नाव झालं. आशाला सांगितल्यासारखं तसबिरीकडे बघून सांगितलं.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. औंढ्याला दर्शनाला गेलो. बसथांब्यापासून देवळापर्यंत श्रद्धांजलीचे तीन फ्लेक्स दिसले. तिन्हींखाली जगन. उन्हात उभा राहून तिन्ही वाचले. लग्नाच्या फोटोखाली कुणी नाव टाकत नाही. त्याचं नाव दिसतं ते फक्त मेलेल्या माणसाखाली.

जळबाच्या हॉटेलात हाच विषय. जळबा म्हणत होता, जगन कॅमेरा घेऊन आला की म्हातारे खांबामागे लपतात. सगळे हसले. मीही चहा संपवला.

९ मार्च

ते आता हसण्यावारी राहिलं नाही. खालच्या आळीत हळद होती. नवरदेवाच्या आजीने तोंडावर पदर घेतला आणि जगनला मांडवातून जायला सांगितलं. तो गेला. त्याच आठवड्यात आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता कुणाला समजावणार?

१० मार्च

फ्लेक्सवाल्याला जाऊन सांगितलं, नाव टाकणं बंद कर. तो म्हणाला, "आता लोकच न्हाई म्हणून राहिले, काका. पण जे व्हायचं ते होऊन गेलं."

२ एप्रिल

प्रतिक्षाचं लग्न बावीस तारखेला. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून घाई. व्याही संतरामजी याद्या करायला आले होते. फोटोवाला कोण, विचारलं. प्रतिक्षाने लगेच जगनचं नाव घेतलं.

व्याह्यांनी सुपारी कातरणं थांबवलं. आवाज न चढवता म्हणाले, "तो न्हाई. घरात आमची नव्वदीची माय आहे."

प्रतिक्षा माझ्याकडे बघत होती. सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीवरून तीही.

मी म्हटलं, बरं.

प्रतिक्षा अजून माझ्याशी बोललेली नाही.

११ एप्रिल

जगन आला. त्याला कळलेलं होतं. वाईट वाटून घेऊ नका असं उलट मलाच सांगत बसला. औंढ्यात या सीझनला एकही काम नाही. वाशिमकडे त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून तिकडची लग्नं धरली आहेत. रात्रभर काम, पहाटे परत, तेवढ्या लांबून मोटारसायकलवर. डोळे लाल होते. म्हटलं, गाडीवर झोप लागेल रे. म्हणाला, "लागते ना. गाणं म्हणतो मोठ्यानं."

बावीसलाही तिकडेच आहे.

माझ्या तोंडून आभार निघेनात, माफीही निघेना. काहीतरी करायचं म्हणून विचारलं, तुझा फोटो कुणी काढला का कधी? तो हसायला लागला. म्हणाला, काढणारा मीच, तर माझा कोण काढणार? मग त्याला ओट्यावर बसवलं आणि माझ्या मोबाइलवर काढला. तो शिकवत होता — "डोळ्याकडं बघा काका, शर्टाकडं न्हाई." मग म्हणाला, "आता लोक म्हणतील, काकानं जगनचा नंबर लावला!"

हसतानाचा आला. माझ्या हातून आला, पण चांगला आला.

२२ एप्रिल

लग्न लागलं. नांदेडचे फोटोवाले होते, ड्रोन वगैरे. एकट्या माणसाचा फोटो त्यांनी एकही काढला नाही. पाठवणीच्या वेळी प्रतिक्षा गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "जगनदादाला जेवायला पाठवा, आईनं पाठवलं असतं." ताट झाकून ठेवलं आहे. सकाळी तांड्यावर नेऊन देईन.

२३ एप्रिल

ताट तसंच आहे.

जगनची बायको निलम दुपारी आली, दिराला घेऊन. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, पहाटे, उभ्या ट्रकला मागून. "काका, तुमी काढलेला तेवढाच हाय. एकट्याचा."

फ्लेक्सवाल्याला मोबाइल दिला. खाली नाव टाकू नका, लोक काय म्हणतील, असं तो दोनदा म्हणाला.

मी म्हटलं, टाक. मधोमध. ठळक. छायाचित्र : किसनराव.