रविवारचा अर्धा तास

नानाखेडा, उज्जैन
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय चारू,

सप्रेम नमस्कार. तू पुण्याला गेल्यापासून आपल्यात एक ओळ नाही, आणि आज एकदम माझं अक्षर बघून दचकशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. श्रीधर ठणठणीत आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यानं ताब्यात घेतलंय आणि माझ्या पोह्यांना नावं ठेवतो. सिंहस्थाच्या नावाखाली इथे सगळे रस्ते खणून ठेवलेत. फ्रीगंजला जायचं म्हटलं की ऑटोवाला आधी आपल्याकडे दयेनं बघतो.

जाताना तू म्हणाली होतीस, "प्रतिभा, हे रेडिओ केंद्र आपल्याआधी मरेल, त्यात अडकू नकोस." किती चिडले होते मी! तुझंच खरं झालं. घे, लिहून दिलं.

केंद्र बंद पडलंय, चारू. विद्यापीठानं मोठ्या हौसेनं काढलेलं, आणि आपण दोघींनी घरच्या रजया भिंतींना ठोकून ज्याचा स्टुडिओ केला, तेच. पहिल्या दिवशी तू "नमस्कार उज्जैन" म्हणालीस आणि पुढचं सगळं विसरलीस. कुलगुरू बाहेर गाडीतल्या रेडिओला कान लावून बसले होते, ते धावतच आत आले, "आ रही है! आवाज़ आ रही है!" तेवढ्यानं आपण दोघी रडलो होतो. मग मुलांचे कार्यक्रम, माळवी बोलीतल्या शेतीच्या गप्पा, परीक्षेच्या दिवसांतलं शंकानिरसन, आणि रविवारी सकाळी आपला मराठी अर्धा तास. पुढे मुलं मोबाइलमध्ये शिरली, एकेक कार्यक्रम गळत गेला आणि शेवटी माझा तेवढा राहिला. निवृत्त झाले तरी स्टुडिओची किल्ली माझ्याकडेच होती. स्टुडिओ आपण शिकवायचो त्याच विभागात, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसायचं. मी जायचे, खटका दाबायचे, लाल दिवा लागायचा आणि मी बोलायचे.

बंद कधी पडलं, ते मला परवा कळलं. पुस्तकं परत करायला विभागात गेले, तर विक्रांत भेटला. आपला विद्यार्थी, आता विभागप्रमुख आहे. मी म्हटलं, माइक घुमतोय रे, कोणाला तरी बघायला सांग. तो गोंधळलाच. "मॅडम, ट्रान्समीटर तो बारिश में ही जल गया था. बिजली गिरी थी. अब कोई ठीक भी नहीं कराएगा."

"तो मैं इतने इतवार?"

त्यानं मान खाली घातली. "हमें लगा, आप रियाज़ के लिए आती हैं."

तू म्हणशील, तुला कळलं कसं नाही? ट्रान्समीटर पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, आणि हेडफोनमध्ये येतो तो स्टुडिओतलाच आवाज, हवेतला नाही. मुलांना मीच बजावायचे, जवळ एक छोटा रेडिओ ठेवा, अधूनमधून ऐकून खात्री करा. मी स्वतः कधी ठेवला नाही. माझा रेडिओ घरी होता. श्रीधर ऐकत होता ना!

अख्ख्या उज्जैनमध्ये एकाही माणसानं विचारलं नाही, की बाई, तुमचा आवाज का येत नाही? पूर्वी पाच मिनिटं उशीर झाला तर आपले पहिल्यापासूनचे श्रोते भय्यासाहेब फोनवर ओरडायचे. ते गेले, त्यांच्या पत्नी माई गेल्या, ऐकणारी ती सगळी माणसंच गेली. इथपर्यंतचं मी कसंबसं गिळलं असतं. सांगायचं ते पुढे आहे.

शनिवारी संध्याकाळी श्रीधरला रविवारी बोलायचं ते सगळं वाचून दाखवायचं, ही आपली जुनी पद्धत. तूही यायचीस, साबुदाण्याच्या खिचडीच्या लोभानं. रविवारी परत आले की तो टेबलाशी रेडिओ घेऊन बसलेला असतो आणि म्हणतो, "छान झालं." परवा घरी येऊन मी तो रेडिओ लावला. नुसती खरखर. इतके महिने तो त्या खरखरीसमोर बसत होता. मग आठवलं, पावसाळ्यापासून शनिवारी म्हणायला लागला होता, "परत एकदा वाच ना." मला वाटायचं, उतारवयात नवऱ्याला बायकोचं कौतुक सुचतंय. तो पाठ करत होता, चारू. रविवारी दाद देता यावी म्हणून.

राग आला असता तर बरं झालं असतं. राग येत नाही, नुसतं मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्या एका माणसासाठी बोलत होते, तोही ऐकत नव्हता. मला सांभाळत होता, आजारी माणसाला सांभाळतात तसा.

त्याला काही बोलले नाही. काल शनिवारी नेहमीसारखं वाचलं. "परत वाच," म्हणाला. परत वाचलं. आज सकाळी वेळेवर निघाले, पण केंद्रात पाऊल टाकवेना. बस स्टँडवर बाकड्यावर बसून राहिले. एक कंडक्टर "इंदौर, इंदौर" ओरडत होता, आणि माणसं त्याचं ऐकून बसमध्ये चढत होती. मी त्याच्याकडेच बघत बसले. अर्धा तास झाल्यावर घरी आले.

टेबलावर रेडिओ, शेजारी गरम पोहे. "आज फार छान झालं," तो म्हणाला. "तो संक्रांतीचा किस्सा तर मस्तच."

मी विचारलं, "आवाज जरा बसला होता का रे?"

त्यानं क्षणभर विचार केला. "किंचित. पण कोणाच्या लक्षात नाही यायचं."

पुढच्या रविवारीही जाईन. न जाऊन त्याला काय सांगू?

फोन करू नकोस, तो उचलेल. समजूत तर मुळीच घालू नकोस. एक साधं कार्ड टाक आणि त्यावर एवढंच लिही, आवाज येतोय.

अजून बोलतेच आहे अशी,
तुझी प्रतिभा