अर्ध्या जबड्याचा लांडगा

४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन आला की तू स्पीकर लावतोस आणि शेजारच्या खुर्चीत बाबा कान देऊन बसतात. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

इतकी वर्षं कार्टूनपटांत दुसऱ्यांच्या जनावरांमागची झुडपं रंगवली. आता पहिल्यांदाच एक अख्खं जनावर माझ्या वाट्याला आलंय. लांडगा! सिनेमातला खलनायक तोच. मी त्याला सुळे दिले, लाल डोळे दिले, तोंडाला फेस आणला. आमच्या दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, हा दात घासता घासता मध्येच उठून आलाय. सगळे हसले, मीही हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर लांडगा पलीकडच्या टेबलावर जाणार आणि मी पुन्हा झुडपांत.

काल जेवताना बाबांचा लांडगा आठवला. दिवे गेले की भिंतीवर यायचा ना? तेवढी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. पण त्याच्यात घाबरण्यासारखं नेमकं काय होतं, ते काही केल्या आठवत नाही. कंदील तू धरायचास, तुला ठाऊक असणार. सविस्तर लिही. वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझीच,
ठमी

११ डिसेंबर

चि. ठमाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

आधी डोळे पूस, रडूबाई. आणि विचारलंस तेही चुकीच्या माणसाला. कंदील माझ्या हातात, तो हलू नये म्हणून मी भिंतीकडे बघायचोच नाही. तू लांडगा पाहायचीस, मी बाबांचा हात. मला कसली भीती? अंगठा म्हणजे कान, करंगळी म्हणजे खालचा जबडा. सुतारकामात करवतीने करंगळी अर्धी नेलेली, म्हणून जबडाही अर्धा. लांडग्याचं तोंड कधी मिटायचंच नाही.

तुला तो इतका खरा वाटायचा की शाळेत लांडग्याचं चित्र काढताना तू खालचा जबडा अर्धाच काढलास. बाईंनी खोडून पुरा केला. तू घरी येऊन थयथयाट केलास, की बाईंनी लांडगा पाहिलेलाच नाही! आई हसून हसून बेजार झाली. बाबा मात्र हसले नाहीत. उजवा हात खिशात घातला तो आजवर. माझ्या लग्नाच्या फोटोत बघ, नवरदेवाचा बाप खिशात हात घालून उभा आहे. लोकांना ती ऐट वाटली. भिंतीवर लांडगाही पुन्हा आला नाही.

तेव्हा जबडा खुशाल अर्धा काढ, पण बाबांना सांगू नकोस. आता त्यांच्या हाताला कंपही सुटलाय. त्यांचं दुखणं पडद्यावर राक्षस होऊन आलेलं कशाला दाखवायचं? बाकी सर्व ठीक. आठवण ठेव, आणि वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

१५ डिसेंबर

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादा म्हणाला सांगू नकोस, म्हणूनच सांगतेय. सोबत माझ्या सिनेमातल्या लांडग्याचं चित्र आहे. त्याचा जबडा कुणाचा, ते तुम्हाला कळेलच. आमच्या दिग्दर्शिका बाईंना अजून दाखवलेलं नाही. तुम्हाला वाईट वाटत असेल तर फाडून टाका, मी झुडपं रंगवीन. झुडपांनी मला आजवर उपाशी ठेवलेलं नाही.

बाबा, मला तेव्हा बोट दिसलंच नव्हतं हो. फक्त लांडगा दिसायचा. शाळेतल्या बाईच चुकल्या, असं मला अजूनही वाटतं.

आणि एक. जबडा अर्धा केला तरी हा तितका घाबरवत नाही. काहीतरी राहतंय. रागावला असाल तरी उत्तर पाठवा.

तुमची,
ठमी

२० डिसेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हात ऐकत नाही, अक्षर समजून घे. चित्र फाडलेलं नाही. कपाटाच्या दाराला आतून लावलंय.

जबडा बरोबर आहे, पण तू त्याला उगाच गुरगुरायला लावलंयस. माझा लांडगा हलायचा नाही. थंडीत ते बोट ठणकायचं, हलवलं की कळ यायची, म्हणून हात तसाच धरून ठेवायचो. मला वाटायचं, पोरगी कंटाळेल. तू मात्र पांघरूण डोळ्यांपर्यंत ओढून गप्प. तेव्हा त्याला नुसतं बघू दे.

आणि जाताना शिंकू दे. तो शिंकून गेल्याशिवाय तुला झोप लागायची नाही. सिनेमा बघणारी पोरंही कुणाची तरी लेकरंच.

पोरांनी तुला माझ्या बोटावरून चिडवू नये, म्हणून हात खिशात गेला. लांडगा विसरलीस तर बरं, असं वाटलं होतं. विसरली नाहीस, फार बरं वाटलं. तब्येतीला जप.

तुझे,
बाबा

३० डिसेंबर

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

लांडगा माझ्याकडेच राहिला! आता तो हलत नाही, नुसता बघतो. बाईंनी पाहता पाहता खुर्ची मागे सरकवली. शिंकेवरून वाद झाला. त्या म्हणाल्या, खलनायक कधी शिंकतो का? मी म्हटलं, आमचा शिंकायचा. ठेवली शेवटी.

पहिल्या खेळाला तुम्ही यायचं, आणि हात खिशाबाहेर काढून यायचं. घाईत आहे, माया असू द्या.

तुमची,
ठमी

८ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

येतो. कोटाला इस्त्री करायला सांगितली आहे.

परवा इथे दिवे गेले. दादाला म्हटलं, कंदील धर. तो बघतच राहिला. लांडगा आणला भिंतीवर, पण आता माझा हात थरथरतो, त्यामुळे लांडगाही थरथरायला लागला. पिल्लू जराही घाबरली नाही. म्हणाली, आजोबा, याला थंडी वाजतेय. मग स्वतःची शाल आणून तिने माझ्या हाताला, त्या बोटालाही, नीट गुंडाळली.

भिंतीवर लांडगा दिसेना, नुसता एक डोंगर उरला. ती दादाला म्हणाली, बाबा, कंदील बारीक करा, तो झोपलाय.

तुझे,
बाबा