सीटवरचा खड्डा

गुरुवार, संध्याकाळ

आज गाडीची सीट नवी करून आणली. जाड फोम, वर काळं कव्हर. हँडलही जरा उंच करून घेतलं. येताना शंभर सीसीची ही जुनी गाडी चालतेय की तरंगतेय, तेच कळेना. पेठचा घाट डोळ्यांसमोर यायला लागला. आम्ही दोघीच, गाडी आणि मी.

घरी येऊन आईला म्हटलं, "बस, चक्कर मारून आणते." ती नेहमीसारखी एका बाजूला बसली आणि पहिल्याच वळणावर घसरली. माझा खांदा घट्ट धरून म्हणाली, "अगं, माझी जागा कुठं गेली?"

जुन्या सीटला मागे डावीकडे खड्डा पडला होता. झेंडूची पाटी मांडीवर घेऊन बाजाराला जाताना ती तिथंच बसायची. आधी बाबांच्या मागे, मग माझ्या. सीटवाल्याने विचारलं होतं, "ताई, हा खड्डा भरू ना?" मी म्हटलं, "भरा की!" इतकं सहज कसं म्हटलं मी?

डोळे मिटले की अजून घाट दिसतोय. पण आता खांद्यावर तिचा हात आहे.

उद्या तिला घेऊनच सीटवाल्याकडे जायचं. फोम तिला बसवून कापायला सांगायचा.