लिनसचं झाड

क्लोझिए, ग्रेनेडा
२७ सप्टेंबर २००४

चि. लिनस यास, आयोनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी जिवंत आहे, आधी ते वाच. वादळाने छप्पर नेलं, आता वर निळी ताडपत्री आहे. नीरफणस इतके पडले, की तीन आठवडे गाव दोन्ही वेळा नारळाच्या दुधातलं ऑइल डाऊनच खातंय. तुझ्या तोंडाला पाणी सुटलं असेल, मला त्याचा वास नको झालाय.

डोंगरावरची जायफळं आडवी झाली. जायफळ फोडायच्या केंद्रावर आम्ही बाया जाऊन बसतो. फोडायला फळ नाही, तरी बसतो. सगळ्या रडतात, मला रडू येत नाही. मी धीराची आहे असं लोक म्हणतात. तसं काही नाही, मला काही वाटतच नाही.

तुझं झाड उभं आहे, काळजी करू नकोस. थंडी सुरू होईल, टोपी घालत जा. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई

ब्रुकलिन
२० नोव्हेंबर २००४

ती. आयोनाताईस, लिनसचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. झाड उभं आहे हे वाक्य मी कितीदा वाचलं! आईने माझी नाळ त्याखाली पुरली होती ना? जायफळ नर की मादी, हे कळायला सात वर्षं लागतात, पण लिनस कामाचा की बिनकामाचा हे कधीच कळणार नाही, असं ती म्हणायची.

माझ्या कोटावर आपल्या झेंड्याचा बिल्ला असतो. कामावरचे लोक झेंड्यावरचं फळ पाहून विचारतात, ही मिरची आहे का? मी म्हणतो, डोळे तपासून घ्या, जायफळ आहे.

सात फेब्रुवारीला, स्वातंत्र्यदिनाला, येतोय. पहिल्या स्वातंत्र्यदिनाला आपण दोघांनी ते खोड लाल, पिवळं, हिरवं रंगवलं होतं आणि महिन्याभरात मी इकडे निघून आलो. या वेळी परत रंगवू. मी लहान आहे, तेव्हा शिडी तू धर.

तुझ्या लोभाचा हक्कदार,
लिनस

क्लोझिए
१८ डिसेंबर २००४

चि. लिनस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकीट काढू नकोस. मी खोटं लिहिलं होतं. तुझं झाड पहिल्याच दिवशी मुळासकट उपटलं गेलं आणि रस्त्यावर आडवं पडलं. रस्ता मोकळा करायला लोकांनी शेंडा कापून नेला, खोड अजून पडून आहे.

खड्ड्यात वाकून पाहिलं. बावन्न वर्षांनी नाळेचं काय उरणार, तरी पाहिलं. मातीच होती.

सगळं पडलं होतं. एक तरी झाड कुठेतरी उभं राहावं असं वाटलं, तुझ्या डोक्यात का होईना. तू येशील हे ध्यानातच आलं नाही. नाताळ आहे म्हणतात. केंद्रात सवयीने हात चाळवतात, बाकी ठीक.

रागावलास तरी पत्र पाठव.

ताई

ब्रुकलिन
८ जानेवारी २००५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू कसा? माझ्याही पोटात एक गोष्ट आहे.

तीस वर्षं मी इथला नागरिक झालो नाही, तुला माहीत आहे. वादळाच्या बातम्या पाहिल्या आणि वाटलं, आता तिकडे काय राहिलंय. ऑक्टोबरात हॉलमध्ये उभं राहून उजवा हात वर केला आणि शपथ घेतली. काही वाटलं नाही. शेजारची बाई रडत होती, मी जेवायला काय करायचं याचा विचार करत होतो. घरी आलो तर दारात तुझं पत्र. झाड उभं आहे.

महिनाभर लिहायचं धाडस झालं नाही. बिल्ल्याचंही खोटंच लिहिलं, तो तेव्हापासून खणात आहे. आता कुठल्या तोंडाने येऊ? विमानतळावर मला परक्यांच्या रांगेत उभं करतील. झाड नाही, आणि मीही तिथला नाही.

जमलं तर माफ कर.

लिनस

क्लोझिए
२४ जानेवारी २००५

चि. लिनस यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र शेजारच्या ऑगस्टाच्या जावयाजवळ देते, तो उद्याच्या विमानाने तिकडे निघालाय.

गाढवा, तुझं पत्र वाचून मला राग आला. इतका की हातातलं भांडं आपटलं. मग लक्षात आलं, सप्टेंबरपासून मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलंय.

आज शाळेने दरवर्षीसारखे स्वातंत्र्यदिनासाठी झेंड्याच्या रंगांचे डबे वाटले. गावाला रंगवायला भिंती कमी आहेत, दगड पुष्कळ. मी एक ब्रश घेतला आणि तुझं खोड रंगवलं, पडलंय तसंच. लाल, पिवळं, हिरवं. ऑगस्टा म्हणाली, आयोना, मेलेल्या झाडाला कशाला नटवतेस? मी म्हटलं, भाऊ येतोय.

परक्यांच्या रांगेत उभा राहा. लहान असते ती, लवकर सुटशील. बिल्ला लावून ये.

शिडी लागणार नाही आता. खोड दोघांना बसायला पुरतं. रंग ओला आहे, सात तारखेपर्यंत वाळेल.

वाट पाहणारी,
तुझी ताई