यांचा खोकला

१२ जाने., सोम.
आजपासून पुन्हा घरोघर. कापसाचा हंगाम, निम्मं गाव खोकतंय. आशाताई म्हणून आठ वर्षं तेच विचारते. नाक वाहतंय, शिंका? सर्दी, आठवड्यात जाईल. एकदम ताप, अंग ठणकतंय? फ्लू. धुळीत छाती शिट्टीसारखी वाजते? दमा असेल. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलंय? बेडका तपासायला द्या.
यांचाही चालूच. शिरपूरला जिनिंगमध्ये कामाला, तिथे रुई उडते. "माले ॲलर्जी शे," म्हणतात.

१५ जाने.
यांची पँट सैल. जेवायला वेळ मिळत नाही म्हणे. पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं.

१८ जाने., रवि.
यांच्या डब्याच्या पिशवीत गोळ्या. लगेच ओळखल्या. लोकांना समोर बसून गिळायला लावते त्याच. टी.बी.च्या.
विचारलं. पिशवी माझ्या हातातून घेतली. मग, "दिवाईपासून शे."
धुळ्याला नणंदेकडे राहून तपासलं, पत्ताही तिचाच दिला. महिनाभर गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या; या उरलेल्या.
"मला का नाही सांगितलं?"
"तू रजिस्टरमा लिखी टाकशी. मंग बठ्ठा गावले समजी."
आजवर कुणाचं नाव बाहेर सांगितलंय मी? एक तरी?

१९ जाने.
अक्कांना, म्हणजे नणंदेला, फोन. संक्रांतीला इथे येऊन मला सांगून गेल्या, त्याले हळदीचं दूध दे. सगळं माहीत असताना.
"भाऊनी शपथ घाली व्हती."
"आणि गुड्डी? सहा वर्षांची पोर रोज त्यांच्या कुशीत झोपते."  फोन ठेवला.

२१ जाने.
यांना आरोग्य केंद्रात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू. मध्येच सोडलेल्या, म्हणून आता लागू पडतील का तेही तपासणार. फॉर्मवर पत्नीचं नाव माझं, आशा कार्यकर्तीचंही माझंच. डॉक्टर मॅडमनी वर पाहिलं. शिक्का मारला. गुड्डीचा एक्स-रे काढला.

२३ जाने.
गुड्डीला सकाळपासून शिंका, ताप नाही. साधी सर्दीच. दुसऱ्याचं लेकरू असतं तर छातीठोक सांगितलं असतं. तीनदा कपाळाला हात लावून पाहिला. रिपोर्ट सोमवारी.
हे मास्क लावून बाहेर ओट्यावर. "आते तरी बोल ना."
पाणी दिलं. गोळी घेतली, न सांगता तोंड उघडून दाखवलं.
म्हटलं, जीभ वर करा.